कंपनी जावो, वस्तू राहो

मला यंत्रांची आवड आहे, हे आमच्या नातेवाइकांत आता जगजाहीर आहे. पंचाहत्तरी आली तरी बाजारात काही नवीन आलं की त्याची सगळी माहिती वाचून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही एवढं वाचता, दुकानदाराला एवढं पिडता, आणि शेवटी कंपनीला शिव्या देऊन तसेच परत येता!" अर्धंच खरं आहे ते. मी घेतो, पण शिव्या देऊन घेतो. यंत्रावर माझा जीव आहे, ते विकणाऱ्या कंपनीवर मात्र काडीचा विश्वास नाही. या दोन गोष्टी एकाच म्हाताऱ्यात कशा नांदतात ते आज जरा सविस्तर सांगतो. तीन वस्तूंवरून सांगतो, म्हणजे वर्गात सांगितल्यासारखं सोपं जाईल.

पहिली वस्तू माझ्या मनगटावर आहे. एचएमटीचं 'जनता', चावीचं घड्याळ. नोकरी लागली त्या वर्षी घेतलेलं. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. आमच्या तरुणपणी मुंजीत, लग्नात, निवृत्तीला, सगळीकडे हेच घड्याळ. पुढे क्वार्ट्झची लाट आली, कंपनी मागे पडली, तोट्यात गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. माझ्या घड्याळाला ही बातमी अजून कळलेली नाही! रोज सकाळी चावी देतो, ते चालतं. दोन-चार वर्षांनी अमरावतीला घड्याळजीकडे नेतो. तो डोळ्याला भिंग लावून ते उघडतो, पुसतो, तेलाचा थेंब सोडतो आणि परत देतो. त्याला कंपनीची परवानगी लागत नाही.

दुसरी वस्तू आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांची. २००३ च्या जुलैत रिलायन्सने 'मान्सून हंगामा' नावाची योजना काढली. ५०१ रुपये भरा आणि मोबाईल घेऊन जा! त्या काळी मोबाईल म्हणजे मोठ्या लोकांचं काम. त्या योजनेने तो सामान्य माणसाच्या खिशात आणला, हे श्रेय द्यायलाच हवं. पण मेख अशी की तो फोन सीडीएमए पद्धतीचा होता. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड घालायची सोयच नव्हती. फोन आणि कंपनी यांचं लग्न लागलेलं, काडीमोड नाही. पुढे २०१७ च्या डिसेंबरपर्यंत त्या कंपनीची मोबाईलवर बोलण्याची सेवाच बंद झाली. ते गृहस्थ तो फोन अजून कपाटात ठेवतात. बटणं चांगली, आवाज चांगला, पण बोलणार कोणाशी? कंपनी गेली आणि फोनही सती गेला.

गंमत बघा, त्याच २००३ साली नोकियाचा ११०० निघाला. धूळ आत जाऊ नये असं रबरी बटणांचं झाकण आणि डोक्यावर बॅटरी. आमच्याकडे रात्रीची लाईन आली की ओलित करायला निघालेल्या शेतकऱ्याला त्या उजेडाची किंमत विचारा. जगभरात असे पंचवीस कोटींच्या वर फोन विकले गेले म्हणतात. नोकियाने २०१४ मध्ये आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकून टाकला, तरी ते फोन चालतच राहिले. कार्ड कुठल्याही कंपनीचं घाला, बॅटरी चौकातल्या टपरीवर बदलून घ्या.

आता तिसरी वस्तू, आणि ही गोष्ट गमतीची नाही. आमच्या सौ.ला मधुमेह आहे. काही वर्षांपूर्वी साखर मोजायचं यंत्र आणलं. कंपनीचं नाव सांगत नाही. यंत्र स्वस्तात मिळालं, पट्ट्या महाग. धंद्याची ही जुनी रीत, दिवा फुकट आणि तेल सोन्याच्या भावात. चालायचंच. पण एके वर्षी त्या यंत्राच्या पट्ट्या येणं बंद झालं. नांदगावात नाहीत, अमरावतीत चार दुकानं पालथी घातली, तिथेही नाहीत. एक औषधवाला हसत म्हणाला, "गुरुजी, ते मॉडेल आता बंद झालं जी. नवीन मशीन न्या ना, कायले डोकं लावता?"

नवीन यंत्र घ्यायला त्या दिवशी दुकानात नव्हतं. दोन दिवसांत मागवून देतो म्हणाला. त्याच रात्री दोनच्या सुमाराला सौ. घामाघूम होऊन उठली, हात थरथरत होते, शब्द जड झाले होते. यंत्र उशाशी. बटण दाबलं की आकडे लखलखीत दिसत होते. बॅटरी नवीन, काच स्वच्छ, सगळं ठीक. फक्त पट्टी नव्हती. साखर वाढली की उतरली हे मला कळायला मार्ग नव्हता. ती शुद्धीवर होती, गिळत होती. डॉक्टरांनी पूर्वी सांगून ठेवलं होतं, असं झालं आणि मोजता आलं नाही तर साखर उतरली असं समजूनच चाला. साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासाने ती नीट बोलायला लागली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

या तिसऱ्या गोष्टीत कंपनी मेलेली नाही बरं का! कंपनी ठणठणीत आहे. तिने फक्त ठरवलं की हे यंत्र आता पुरे झालं.

म्हणजे हिशेब असा. घड्याळाची कंपनी मेली, घड्याळ जगलं. फोनची कंपनी गेली, फोन बरोबर गेला. साखरेच्या यंत्राची कंपनी जिवंत, पण यंत्र तिने मारलं. यंत्राचा चांगलेपणा तिन्हीकडे सारखाच होता. फरक एवढाच की त्याचा प्राण कोणाच्या हातात होता.

आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आमचे वडील घरच्या कपाशीची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरायचे. १९७० मध्ये एच-४ हे संकरित वाण आलं, २००२ मध्ये बीटी आलं. उत्पन्न वाढलं, नाही कोण म्हणतो? पण संकरित पिकाचं बी पुन्हा पेरलं तर झाड आईबापासारखं निघत नाही. मृग जवळ आला की थैली विकत आणावीच लागते. पीक तुमचं, शेत तुमचं, पण बीज कंपनीच्या घरात. आजचा फोन, टीव्ही, छपाईचं यंत्र, सगळं त्या थैलीसारखं झालं आहे. आपण मालक आहोत असं वाटतं, खरं तर शेत ठोक्यानं केलेलं असतं.

आणि हे आजचं नाही. १९२४ साली जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्या जिनिव्हात जमल्या आणि बल्ब हजार तासांच्या वर चालू नये असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड! अलीकडचं उदाहरण ॲपलचं. २०१७ च्या डिसेंबरात कंपनीने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग ती अपडेटमधून कमी करत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं, असं कारण दिलं. कारण खरं असेलही. पण मालकाला न सांगता? २०२० मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई द्यायला कंपनी तयार झाली.

भाचा मला टोकतो, "मामा, जुनं यंत्र कंपनीने किती वर्षं सांभाळायचं? आणि ही अपडेटं सुरक्षेसाठी लागतातच." त्याचं म्हणणं रास्त आहे. कोणी जन्मभर सांभाळावं असं मी म्हणत नाही. सोडून जाताना किल्ली मालकाच्या हातात द्यावी, एवढंच म्हणतो. आणि दबाव आला की कंपन्या सुधारतात, हेही पाहिलं आहे. युरोपात २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून नव्या मोबाईलना एकच टाईप-सी चार्जर सक्तीचा झाला. फोनची बॅटरी मालकाला स्वतः काढता यावी असा कायदा तिकडे २०२३ मध्ये झाला, त्याचा अंमल फेब्रुवारी २०२७ पासून ठरला. आपल्याकडेही डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केलं. सुरुवात तर झाली.

आता कोणी म्हणेल, गुरुजींना नवं नकोच आहे. नाही हो! २०१७ पासून गूगलला मराठीत बोललेलं कळतं. हा लेखही मी निम्मा बोलूनच लिहिला आहे, कारण बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत. 'वऱ्हाड' म्हटलं की ते 'वऱ्हाड'च लिहितं, तेव्हा मी एकटाच खूश होऊन हसतो. हा चमत्कारच आहे. पण ही सोय उद्या काढून घेतली तर माझं काही चालणार नाही, हे ओळखून हसतो. ऑर्कुट २०१४ मध्ये असंच बंद झालं होतं, आठवतं ना?

म्हणून दुकानात गेलो की मी तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू नांदगावात कोण दुरुस्त करील? हिला लागणारं सामान दुसऱ्या कंपनीचं चालेल का? आणि इंटरनेट नसेल, कंपनी नसेल, तर ही काय काय करील? दुकानातली पोरं कंटाळतात. एक तर म्हणाला, "सर, तुमी घेता का परीक्षा घेता?" मी म्हटलं, "बाबा, चाळीस वर्षं तेच केलं."

नवं यंत्र घेतलं तेही याच तीन प्रश्नांवर पारखून. पट्ट्या आमच्या गावच्या दोन दुकानांत मिळतात, आणि एक डबी संपायच्या आत दुसरी घरात असते. ते यंत्र सगळे आकडे फोनमध्ये पाठवायला तयार असतं. पण सौ. रोजचा आकडा तारखेसकट दोनशे पानी वहीत लिहिते. पहिल्या दिवसापासूनच्या चार वह्या झाल्या आहेत. डॉक्टर त्याच चाळतात. त्या वाचायला अजून कोणाचा पासवर्ड लागलेला नाही.

असो. तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, कंपनी गेली तरी चालणारी. मला जरूर कळवा. आणि दुसऱ्या जातीची असेल तर तीही कळवा, यादी करतो आहे.