बुरखा, मुखवटा आणि मस्करी

आपण सहज 'मस्करी' म्हणतो. हा शब्द अरबी 'मस्खरा'पासून फारसीमार्गे मराठीत आला. चेष्टा, चेष्टेचा विषय, विदूषक असे त्याचे अर्थ. इटालियन 'मास्केरा' आणि इंग्रजी 'मास्क' हेही त्यातूनच निघाले, असे काही भाषातज्ज्ञ मानतात. काही जण 'मास्का' या चेटकिणीसाठीच्या जुन्या लॅटिन शब्दाकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. पहिले मत खरे असेल, तर २०२० साली खोपोलीच्या बाजारात आम्ही सगळे मस्करीचाच भाऊबंद नाकावर चढवून भाजी घेत होतो!

'मुखवटा' मात्र 'मुख'वरून आलेला, घरचा शब्द. भाद्रपदात शेजारच्या घरांत गौरींचे मुखवटे बसतात. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात आदिवासी देवादिकांचे मुखवटे चढवून नाचतात. तिथे मुखवटा काही लपवत नाही. उलट जो समोर नाही त्याला आणून उभा करतो. तरी बोलण्यात 'मुखवटा गळून पडला' म्हटले की ढोंगच आठवते.

मी उर्दू माध्यमाच्या मुलींना मराठी शिकवते. आठवीला वाक्प्रचार चालू होते. 'बुरखा फाडणे : ढोंग उघडे पाडणे' असे फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, माझी अम्मी बुरखा घालते. ती काय लपवते?"

वर्गात कुणी हसले नाही.

मी म्हटले, "अरबीत 'बुर्का' म्हणजे चेहऱ्यावरचे कापड, बस. खोटेपणा त्याला नंतर चिकटवला. कोरोनात सगळा गाव तोंड झाकून फिरत होता, तेव्हा कोण काय लपवत होते?" आणखी एक सांगणे भाग होते. आपल्या उर्दू वर्तमानपत्रांतही चोर पकडला की 'बेनकाब' असाच मथळा येतो आणि तो आपण चहा पीत निवांत वाचतो. नुसत्या मराठीवर रुसून कसे चालेल?

"मग पेपरात काय लिहू?"

"अर्थ विचारला तर अर्थ लिहायचा, मार्क सोडायचे नाहीत. स्वतःच्या निबंधात मात्र 'पितळ उघडे पाडणे' लिही. अर्थ जवळपास तोच."

तिने वहीत लिहून घेतले. मग पेन थांबवून विचारले, "पण टीचर, पितळेच्या भांडीवाल्याला वाईट नाही का वाटणार?"