एवढे धूड थांबते कसे?

नाशिकहून आग्रा रोडने निघाले, की ओझर मागे पडते न पडते तोच द्राक्षांचे मांडव सुरू होतात. पिंपळगाव बसवंत आले हे सांगायला पाटी लागत नाही. कांद्या-टोमॅटोने लादलेल्या गाड्यांची रांगच ते सांगते. माझी थोरली बहीण या गावी दिली आहे. दिवाळीपूर्वी आईला घेऊन तिच्याकडे गेलो, त्यात माझा एक छुपा हेतू होता. बंगळूरला धाकट्या भावाला मुलगा झालेला, पण विमानाने चल म्हटले, की आईचे एकच पालुपद, “वर जाईल रे, पण खाली आल्यावर एवढे धूड थांबायचे कसे?”

मराठीचा प्राध्यापक यावर काय बोलणार! आमचे दाजी मात्र ओझरच्या विमान कारखान्यात उमेद घालवून आता बाग सांभाळतात. हा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला.

संध्याकाळी बांधावर बसलो असता एक विमान ओझरकडे उतरताना दिसले. आईने लगेच जावयाला गाठले.

“आई, कांद्याची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर येतो, तो थांबतोच ना?” दाजी म्हणाले. “विमान टेकते ते ताशी २५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ट्रॅक्टरच्या दहापट वेगाने. पण वेग दहापट झाला, की जिरवायची शक्ती मणामागे शंभरपट होते. म्हणून नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवत नाहीत. टेकल्याबरोबर पंखांवरच्या फळ्या उभ्या राहतात. त्या वारा अडवतात. पण मुख्य म्हणजे पंखांची उचल मोडतात. मग सारा भार चाकांवर येतो आणि ब्रेकला पकड मिळते. चाक जाम होऊन घसरू लागले, तर यंत्रणा ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा आवळते. ब्रेकच्या चकत्या तापून लाल व्हायची वेळ येते!”

“आणि ती घरघर?”

“इंजिन उलटे फिरत नाही. मागे जाणारी हवा पुढच्या बाजूला वळवतात. लढाऊ विमाने तर शेपटीमागे छत्री उघडतात. शिवाय ओझरची धावपट्टी तीन किलोमीटरची आहे.”

“पाऊस असला तर?”

दाजींनी लपवाछपवी केली नाही. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत जयपूरहून आलेले विमान ओल्या धावपट्टीच्या पुढे जाऊन रुतले होते. माणसे सुखरूप राहिली. “चाक आणि जमीन यांच्यामध्ये पाणी शिरले, की पकड सुटते. म्हणून वजन, वारा, ओल यांचा हिशेब उतरण्याआधीच मांडतात. जागा पुरणार नाही असे वाटले, तर शहाणा वैमानिक टेकतच नाही. वर जाऊन पुन्हा फेरी मारून येतो. त्यात त्याला कमीपणा नाही.”

आई बराच वेळ गप्प होती. जेवताना मला म्हणाली, “तिकीट काढ. पण जागा पंखाजवळच्या खिडकीची घे. त्या फळ्या उठतात की नाही, माझी मी बघेन!”