दहिवलीची वरकस

कल्याणहून कर्जत लोकल पकडली की बदलापूरपर्यंत दोन्ही बाजूंना इमारतीच दिसतात. वांगणी मागे पडले की डोंगर जवळ येतात. नेरळला गाडी थांबली की आमची मुले माथेरानच्या बाजूच्या खिडकीकडे सरकतात आणि आम्ही त्यांना दर वेळी तेच सांगतो : ही छोटी रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून १९०७ साली पुरी झाली. मुले म्हणतात, "माहीत आहे, अम्मी." मग भिवपुरी रोड, मग कर्जत. स्टेशनबाहेर रिक्षा केली की थोड्या वेळात दहिवली.

कर्जत तालुक्यात दहिवली नावाची दोन गावे आहेत. एक नेरळच्या बाजूची, दुसरी कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीतली. आमचे आजोळ या दुसऱ्या दहिवलीचे. उल्हास नदी जवळ, पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला सह्याद्रीची उंच भिंत. पावसाळ्यात इथे ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात हंड्यासाठी रांग लागते. दोन्ही गोष्टी एकाच गावात कशा, हा प्रश्न लहानपणी आम्हाला कधी पडला नाही.

नाना गेल्यावर जमिनीचे हिस्से झाले. खालची भाताची खाचरे मामूंकडे गेली आणि अम्मीच्या वाट्याला वरचा दोन एकरांचा उताराचा तुकडा आला. कोकणात अशा जमिनीला वरकस म्हणतात. भात होत नाही, पाणी थांबत नाही, पावलोपावली दगड. नातेवाईक हळहळले, "बहिणीला वरकस दिली." अम्मी मात्र कधी काही बोलली नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये कोविडच्या लाटेत अब्बू गेले. त्यांच्यासाठी काही करावे असे सगळ्यांना वाटत होते. झाड लावणे हा सदका आहे, त्याचे फळ माणसाने खावे की पाखराने, सवाब लावणाऱ्याला पोहोचतो, हे आपल्या घराघरांत मुलांना शिकवले जाते. आम्ही ठरवले, अम्मीच्या वरकसवर अब्बूंच्या नावाने बाग करायची. जून महिना होता, लोकल अजून सर्वांसाठी सुरू झाल्या नव्हत्या. भाड्याची गाडी करून दहिवली गाठली. जेसीबी बोलावला, घाणेरी, रानमोडी, गवत, खुंट, सगळे साफ केले. लाल माती उघडी पडली तेव्हा जागा किती छान दिसते असे आम्हीच म्हणालो. नर्सरीतून १५० रोपे आणली. गुलमोहर, सप्तपर्णी, रेन ट्री, थोडे आंबे. मुलांनी प्रत्येक रोपाशेजारी दुआ मागितली.

महिनाभरात, २२ जुलैच्या सुमारास, कर्जत परिसरात तुफान पाऊस झाला. उल्हासला पूर आला, काठची वस्ती पाण्यात गेली. आमच्या उघड्या उतारावर पाणी अडवायला गवताची काडी नव्हती. माती वाहिली, रोपे वाहिली आणि तो सगळा चिखल खाली मामूंच्या खाचरांत जाऊन बसला. नुकतीच लावणी झालेली होती. त्या वर्षी त्यांचे अर्धे भात गेले. मामूंनी फोनवर एवढेच सांगितले, "बेटा, नियत चांगली होती." ते ऐकून आम्हाला जास्त वाईट वाटले. उरलेली रोपे मार्चच्या वणव्यात गेली.

त्या उन्हाळ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. उर्दू माध्यमातून दहावी झालेली ही मुलगी पुढे वनस्पतिशास्त्र शिकली आणि पर्यावरण सल्ला देणाऱ्या एका छोट्या संस्थेत कामाला लागली. तुझे काम काय, असे विचारल्यावर म्हणाली, "आपा, बिघडलेल्या जमिनीवर मूळचे रान परत यायला मदत करतो." आम्ही तिला आमची फजिती सांगितली. पुढच्या रविवारी ती आमच्याबरोबर दहिवलीला आली.

तिने येताना एकही रोप आणले नाही. वही, टेप आणि पाण्याची बाटली एवढेच. दोन तास उतारावर चालत राहिली. पाणी कुठून येते, कुठे वळते, माती किती खोल आहे, कोणत्या भागात खडक आहे, हे लिहीत गेली. एका खुंटाशी बसून आम्हाला बोलावले. जेसीबीने चिरडलेल्या त्या खुंटाच्या बुंध्याशी तांबूस कोवळी पाने होती. "हा ऐन आहे," ती म्हणाली. "वरचे खोड गेले, मुळे जिवंत आहेत. याला लावायची गरज नाही, तोडला नाही की पुरे." संध्याकाळपर्यंत तिने असे चाळीसहून अधिक खुंट मोजले. ऐन, किंजळ, कुंभा, साग, पळस, एक बेहडा. आम्ही १५० रोपे ज्या जागेवर लावली, तिथे रान आधीच होते. आम्ही त्याला कचरा समजलो होतो.

मग ती मामूंच्या ओटीवर बसली आणि नानांच्या वेळी या वरकसचे काय करायचे ते विचारू लागली. मामूंना इतके बोलताना आम्ही कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. ऐनाच्या फांद्या तोडून, वाळवून, खाचरात जाळून राब करत; त्या भाजलेल्या जमिनीत भाताचे रोप जोमदार येई. गुरांचे गवत वरकसचे, चुलीचे लाकूड वरकसचे. उतारावर काही वर्षे नाचणी-वरी आणि मग काही वर्षे जमीन मोकळी. कारवीच्या काठ्यांचे कूड करून वर माती लिंपत. "वरकस होती म्हणून भात होता," मामू म्हणाले. अम्मी आत चहा करत होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"मामू, जवळपास अशी जागा आहे का, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कुणी कोयता चालवला नाही?" तिने विचारले. मूळचे रान कसे होते याचा नमुना अशाच जागेत सापडतो. मामूंनी दोन जागा सांगितल्या. एक, डोंगराकडची देवराई. दुसरी, जुन्या कब्रस्तानाची मागची बाजू. आम्ही दोन्ही पाहिल्या. महाराष्ट्रातल्या देवरायांची शास्त्रीय नोंद माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक यांनी १९७०च्या दशकात केली, हे आम्ही वर्गात शिकवलेले आहे. पण कब्रस्तानातही तेच घडते, हे कधी ध्यानात आले नव्हते. तिथल्या झाडांना लोक हात लावत नाहीत. करंज, जांभूळ, बेहडा, त्यांवर चढलेल्या जाड वेली आणि खाली पायाला मऊ लागणारी काळी माती. आमच्या उतारापासून हे अंतर मैलभरही नसेल.

अशा कामाला आपल्याकडे आता चांगली परंपरा आहे. पक्षी अभ्यासक प्रकाश गोळे यांनी १९८२ साली पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. निसर्गाची नुसती राखण पुरेशी नाही, बिघडलेले दुरुस्तही करता येते, हा विचार तिथल्या अभ्यासक्रमातून अनेकांपर्यंत गेला. पुण्यातच केतकी घाटे आणि मानसी करंदीकर या दोघी 'ऑयकॉस' ही सल्लागार संस्था चालवतात. खासगी जमीनमालकांना जमिनीचा अभ्यास करून, नकाशा काढून, निसर्ग परत आणण्याचा आराखडा देणे हे त्यांचे काम. ऑयकॉस हा ग्रीक शब्द, अर्थ घर. त्याच शब्दावरून जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली इकॉलॉजी हा शब्द घडवला. सगळ्या जीवांच्या घराचा अभ्यास, असा त्याचा सरळ अर्थ आम्ही मुलांना सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशकच परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनासाठी दिले आहे.

खासगी जमिनीची गोष्ट कर्जत-खालापूरकडे फार महत्त्वाची आहे. माथेरान आणि भोवतालचा परिसर केंद्र सरकारने २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. राखीव जंगलाची काळजी वनखाते घेते. पण या दोघांच्या बाहेर हजारो सातबारे आहेत आणि त्यांवर तुमच्या-आमच्यासारख्यांची नावे आहेत. मुंबईकरांचे फार्महाऊस याच जमिनींवर होतात. उतार सपाट होतो, कुंपण येते, परदेशी गवताची हिरवळ येते. ती हिरवी दिसते खरी, पण तिथे ना लावा घरटे करते ना ससा राहतो.

आमच्या विद्यार्थिनीने दिलेला आराखडा दोन पानांचा होता. पहिले काम, आगीपासून राखण. पावसाळा संपून गवत वाळले की जमिनीच्या कडेने पट्टा काढून जाळरेषा करायची. दुसरे, गुरे आणि कोयता तीन-चार वर्षे बाहेर. तिसरे, जिथे माती वाहते तिथे जागेवरचेच दगड रचून छोटे बांध. चौथे, प्रत्येक खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्यांतले दोन जोमदार ठेवायचे, बाकीचे काढायचे. रानमोडी फुलण्याआधी उपटायची, पण सगळी एकदम नाही. माती उघडी पडता कामा नये. एक वाळलेले झाड उभे होते, ते पाडायचे नाही. त्यावर पाखरे बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून उंबर, वड, जांभळाचे बी पडते. रोपे लावायची तर शेवटी, थोडी आणि जवळच्या रानातल्या बियांची.

"मग आम्ही करायचे काय?" आम्ही विचारले. ती हसली. "आपा, बघायचे. दर महिन्याला येऊन लिहून ठेवायचे." मुलांना हे काम आवडले. त्यांची वही आता तिसरी चालू आहे.

पहिल्या पावसाळ्यात नुसते गवत आले. नातेवाईक म्हणाले, जमीन पडीक टाकली. दुसऱ्या वर्षी ऐन गुडघ्याएवढे, मग कमरेएवढे झाले. वणवा एकदा आमच्या हद्दीपर्यंत आला आणि जाळरेषेवर थांबला. ती रात्र मामू आणि शेजारच्या वाडीतले कातकरी भाऊ झोपले नाहीत. तिसऱ्या वर्षी पळस फुलला. आता चार पावसाळे झाले. ऐन डोक्यावर गेले आहेत, वाळलेल्या झाडाखाली उंबराची दोन रोपे आपोआप आली आहेत आणि मामूंच्या खाचरात वरून चिखल येत नाही. ओहोळ पूर्वी दिवाळीआधी आटायचा. गेल्या वर्षी मुलांनी वहीत त्याचे पाणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नोंदवले. एका वर्षाच्या नोंदीवरून मोठा दावा करू नये, हेही आम्ही त्यांना सांगितले.

सगळे गोड झाले असे नाही. या ईदला घर भरले होते तेव्हा मामेभावाने विषय काढला. मुंबईचे एक गिऱ्हाईक आले होते. त्यांना रस्त्याकडचा त्याचा तुकडा आणि त्यामागची आमची वरकस, दोन्ही हवे होते. त्याच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची आहे, त्याची गरज खोटी नाही. एकट्या तुकड्याला भाव कमी मिळतो, हेही खरे. बराच वेळ कुणी बोलेना. मग अम्मी म्हणाली, "माझा हिस्सा मला अल्लाहने ठरवून दिलेला आहे. तो मी विकत नाही. मुलीच्या फीला काय कमी पडेल ते आपण सगळे मिळून बघू." मामूंनी मान हलवली. रस्त्याकडचा तुकडा बहुधा जाईल. तिथे कुंपण येईल. फीच्या पहिल्या हप्त्यात आम्ही आमचा वाटा दिला आहे. रान राखायचे तर त्याची किंमत घरातल्या एकट्यानेच का द्यावी?

वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांच्या नावावर गावाकडे असा एखादा निकामी म्हटला जाणारा तुकडा असेल. मरहूमांच्या नावाने झाडे लावायची इच्छा नेक आहे, जरूर लावा. पण जेसीबी बोलावण्याआधी एक पूर्ण वर्ष ती जमीन नुसती पाहा. खुंटाशी वाकून बघा. घरातल्या बुजुर्गांना विचारा, इथे पूर्वी काय होते. गावच्या कब्रस्तानाची मागची बाजू साफ करण्याचा ठराव जमातीत आला, तर आधी तिथे काय उभे आहे ते मोजा.

अब्बूंच्या नावाची पाटी आम्ही त्या जमिनीवर लावली नाही. त्या पहिल्या १५० रोपांपैकी एक आंबा तगला आहे, बांधाच्या आडोशाला. बाकी जे उभे आहे ते आम्ही लावलेले नाही. अम्मी आता दर महिन्याला आमच्याबरोबर येते, वाळलेल्या झाडासमोरच्या दगडावर बसते आणि मुलांच्या वहीत काय लिहायचे ते सांगते.