उणें एक

आमचें घर दौंडास आणि आजोळ शिरूर तालुक्यांत, घोड नदीच्या कांठीं. घोड शेवटीं भीमेस मिळते आणि भीमेच्याच कांठीं दौंड वसलें आहे; तेव्हां नदीच्या नात्यानें हीं दोन्ही ठिकाणें एकच, असें आम्ही समजत होतों. त्यांत अंतर किती आहे, हें आम्हांस एका जळालेल्या मोटारीनें शिकविलें.

मामांच्या शेतीस वीज पाळीनें मिळे. पाळी रात्रीची आली म्हणजे अंधारांत उसाच्या कडेनें विहिरीवर जावें लागे. आणि त्या भागांतील उसांत बिबट्याचा वावर आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. म्हणून वीज येतांच मोटार आपोआप सुरू करणारें व तीन फेजांपैकीं एक गेल्यास ती तत्काळ बंद करणारें एक चिमुकलें यंत्र आम्हीं मामांसाठीं तयार केलें. दोनच फेजांवर मोटार ओढत राहिली तर वाइंडिंग तापून जळतें. येथें उत्तर बरोबर असून भागत नाहीं, तें वेळेंत यावें लागतें.

असल्या यंत्रावर बसून प्रोग्रॅम घडवितां येत नाहीं. तेवढी त्याची ऐपत नसते. प्रोग्रॅम घरच्या संगणकावर लिहावयाचा आणि कंपायलरकडून दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरच्या भाषेंत उतरवून घ्यावयाचा. पूर्वीं बारामतीचे रूळ अरुंद होते, तेव्हां मोठ्या गाडीचा माल दौंडास उतरवून लहान डब्यांत भरावा लागे. त्यांतलाच हा प्रकार.

घरच्या इंटेल संगणकावर कृत्रिम आंकडे देऊन आम्हीं परीक्षा घेतली. दर खेपेस प्रोग्रॅमनें मोटार बंद करण्याचा हुकूम सोडला. मग मोठ्या ऐटीनें यंत्र विहिरीवर बसविलें. तिसऱ्या आठवड्यांत एके रात्रीं फेज गेली, यंत्र स्वस्थ राहिलें, आणि मोटार जळाली. मामा एवढेंच म्हणाले, "तुजं यंत्र झोपलं व्हतं का रं?"

मोटार भरून आली. पण मामा पुन्हां बॅटरी घेऊन रात्रीं विहिरीवर जाऊं लागले. इकडे दौंडास आम्हांलाहि झोंप येईना. प्रथम वायरींवर संशय घेतला, मग वेळ मोजण्याच्या हिशेबावर. दोन्ही निर्दोष ठरलीं. अखेर यंत्रच घरीं आणून त्याच्या पोटांतला एकेक आंकडा संगणकाच्या पडद्यावर उमटविला. फेज गेल्याची खूण म्हणून आम्हीं 'उणें एक' हा आंकडा ठरविला होता. त्या जागीं २५५ दिसत होते!

सी भाषेंत 'कॅर' नांवाचें एक लहान माप आहे. त्यांत उणे आंकडे धरावे कीं नाहींत, हें भाषेनें कंपायलरवर सोपविलें आहे. इंटेलकडील कंपायलर बहुधा उणे १२८ पासून १२७ पर्यंत मोजतो. एआरएम प्रोसेसरसाठीं तोच बहुधा शून्यापासून २५५ पर्यंत मोजतो. त्यामुळें 'शून्याहून कमी असेल तर मोटार बंद कर' ही आमची आज्ञा शिरूरास कधींच लागूं पडणारी नव्हती. 'साइन्ड' हा एक शब्द पुढें घालतांच दोष गेला. लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. ही तुलना कधींच खरी होणार नाहीं, असा इशारा कंपायलर देऊं शकत होता. इशाऱ्यांचा त्रास नको म्हणून आम्हींच त्याचें तोंड बंद केलें होतें.

४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारें ४० सेकंदांत नष्ट झालें. एरियन-४ वर नीट चाललेला प्रोग्रॅम त्यांत तसाच घेतला होता, आणि नव्या रॉकेटाचा वाढलेला आंकडा १६ बिटांच्या मापांत मावला नाहीं. एवढ्या मोठ्यांचेंहि असें होतें, हें मामांस सांगून आम्हीं पाहिलें. "त्यांना रातच्याला पानी धरायचं नव्हतं," ते म्हणाले.

यंत्र पुन्हां बसविलें त्या रात्रीं आम्ही विहिरीवर मामांच्या शेजारीं उभे होतों. मोटार चालूं असतां त्यांनीं स्वतः एक फ्यूज काढला. मोटार थांबली. त्यांनीं आणखी दोनदां तसेंच करून पाहिलें, मग बॅटरी आमच्या हातांत दिली आणि घराकडे वळले.