मिरजेची सतारमेकर गल्ली

मिरज जंक्शनला उतरणारे बहुतेक लोक दवाखान्याची वाट धरतात, नाहीतर ख्वाजा शमना मीरां यांच्या दर्ग्याची. दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते 1937 साली गेले. उरुसात गवई आजही तिथे हजेरी लावतात. गवयाच्या मागे झंकारणारे तंबोरे जिथे घडतात, ती सतारमेकर गल्ली मात्र पाहायची राहून जाते.

हे सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावणे हा पिढीजात धंदा. 19व्या शतकात इंग्रजी अमलात हत्यारांचे काम बसले, तेव्हा फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले, पुढे नवी वाद्ये करू लागले. आडनावच बदलून गेले.

कारखाना म्हणजे बहुधा घराचाच एक भाग. कोपऱ्यात भोपळ्यांची रास. हा भाजीचा भोपळा नव्हे. जाड सालीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारा. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून कापतात, आतला गर खरवडून काढतात. दांडी आणि तबली तूण नावाच्या तांबूस लाकडाची. तबली पातळ हवी, पण तारांचा ताण सोसणारी. किती पातळ, ते टिचकी मारून कानाने ठरवायचे.

खरी कसोटी जवारीची. घोडीचा माथा किंचित उतरता घासला की तार त्याला हलकेच चाटून जाते आणि स्वर भरून येतो. कानस एकदा जास्त फिरली, की स्वर बिघडला. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत नेमकी जागा शोधायची. ज्या चाचांना हे करताना पाहिले, ते अर्धा तास माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बरे झाले, बोलले असते तर मी ऐकले काय असते?

चहा आला तेव्हा बोलते झाले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा त्यांना आनंद आहे. पण तंबोरा आता मोबाईलमध्येही वाजतो, आणि महिनोन्‌महिने मांडी घालून बसायला मुले तयार नाहीत. त्यांचा नातू कॉलेज करून रविवारी खुंट्या बसवायला येतो. हात चांगला आहे, कान अजून यायचा आहे, असे चाचांचे मत. नातू समोरच होता. हसला आणि पुन्हा खुंटी घासू लागला.

कुणाला तंबोरा करवून घ्यायचा असेल तर आधी गाणाऱ्याची पट्टी सांगावी. पुरुषांचा मोठा, बायकांचा लहान. आणि घाई करू नये.