कमाटीबागेतली संध्याकाळ

प्रजासत्ताक दिनाची सकाळ बडोद्यात कोवळ्या उन्हाची असते. उत्तरायणातले फाटके पतंग अजून तारांवर लोंबत असतात आणि त्यांच्या खालून शाळेची पोरं कागदी झेंडे हलवत जातात. खांबावर झेंडा आधीच बांधून ठेवलेला. दोरीला हिसका बसतो, गाठ सुटते, झेंडूच्या पाकळ्या डोक्यांवर गळतात. एखादी केसांत अडकून राहते.

टाळ्या होतात. माझे हात उशिरा हलतात.

कारण तू आठवतेस.

1917 च्या सप्टेंबरातली तू. कमाटीबागेत उतरलेली संध्याकाळ. तुझी तारीख आमच्या घरच्या कॅलेंडरवर कधी नव्हती. तुझ्याविषयी कुणी बोललंच नाही आणि न बोलण्याची आम्हाला इतकी सवय, की ते मौन मला कितीतरी वर्षं घरातली शांतताच वाटत आलं.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेला, त्या शिष्यवृत्तीचा शब्द पाळायला बडोद्याच्या नोकरीत रुजू झालेला, हिंदूंच्या विश्रांतिगृहात आपल्याला जागा नाही हे जाणून पारशी नाव सांगत एका पारशी धर्मशाळेच्या माडीवर, अडगळ आणि वटवाघळांच्या सोबतीने, मिणमिणत्या कंदिलाशी रात्री काढणारा, आणि काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी तिथूनही हुसकल्यावर ओळखीच्यांकडे आसरा मागून रिकाम्या हाताने परतलेला सव्वीस वर्षांचा भीमराव, रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत, आईवडिलांना आठवत, तुझ्याजवळ येऊन बसला.

पाच तास.

आधी ऊन असेल. मग ते झाडांच्या शेंड्यांवर चढलं असेल. मग तेही नाही.

शहर मात्र उजळत गेलं असेल. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात दिवे लागले असतील. वाड्यांना माड्या होत्या, माड्यांवर खोल्या होत्या, पाहुण्यारावळ्यांसाठी गुंडाळून ठेवलेल्या गाद्या होत्या. देवापुढे सांजवात लावून कुणा आजीने हात जोडले असतील. दार उघडंच असेल, लक्ष्मी यायची वेळ म्हणून.

त्याला कुणी ‘या’ म्हटलं नाही.

संध्याकाळी, मी तुझ्याकडे येतो तेव्हा माझ्याकडे शब्द नसतात. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. लोक लांबून येतात, डोकं टेकवतात. मी जरा बाजूला उभा राहतो. मला त्या उजळलेल्या खिडक्या दिसत राहतात. त्यांतली एक आमची होती, असं धरूनच मी चालतो.

महाराज 1939 साली गेले. ते वाडेही एकेक करून गेले. तिथे आता फ्लॅट आहेत. खोल्या मोजाव्यात तर आणखी वाढल्याच.

आणि 26 जानेवारी 1950 ला, तो ज्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता तिच्या हातून घडलेलं संविधान लागू झालं. अस्पृश्यता संपली, असं त्याचं सतरावं कलम सांगतं. वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. त्याच्यामागे तुझे पाच तास उभे आहेत.

झेंडावंदन करून घरी जाल, तेव्हा एवढं करा. खोली भाड्याने द्यायची असेल, तर विचारायला आलेल्याला आडनाव विचारू नका.