गोचीड

आमच्या सावंतवाडीच्या घरामागे गोठा होता. संध्याकाळी आजी गाईच्या कानामागे बोटं फिरवून टपोऱ्या गोचिडी उपटायची आणि रॉकेलच्या करवंटीत टाकायची. करवंटी धरायचं काम माझं.

एमबीबीएसला ती पुन्हा भेटली, चार ओळींत: क्यासनूर अरण्य, शिमोगा जिल्हा, १९५७, गोचिडीतून पसरणारा माकडताप. परीक्षेपुरतं पाठ केलं. पण २०१६ मध्ये दोडामार्गात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली आणि पुढच्या हंगामात ताप आमच्या तालुक्यात, बांद्यापर्यंत आला. मैत्रिणी मेडिसिन, सर्जरीच्या मागे होत्या. मी पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र घेतलं आणि पुढे साथरोगाच्या कामाला लागले. "म्हणजे तू पेशंट तपासणार नाहीस?" हा घरचा प्रश्न अजून मिटलेला नाही.

पेशंटच्या आधी मी रान तपासते. पांढरं फ्लॅनेल पातेऱ्यावरून ओढत न्यायचं, उलटून चिकटलेल्या गोचिडी बघायच्या. आजीच्या करवंटीतली ती टपोरी गोचीड माणसाच्या वाटेला फारशी जात नाही. गुरांच्या रक्तावर तिची वीण मात्र वाढते. माणसाला चावतं ते तिचं अर्धवट वाढलेलं पिल्लू, तिळाएवढं. अंगावर चढलं तरी कळत नाही. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून तिथल्याच पातेऱ्यात नवं अंग शोधतात. म्हणून कुठे माकड मेल्याची खबर आली, की मला ती रक्ताच्या अहवालाहून मोलाची वाटते. अहवाल येतो तोवर माणूस आजारी पडलेला असतो. या तापावर नेमकं औषध नाही. कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली जाणारी जुनी लसही बंद झाली.

राहता राहिलं गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचं तेल. आणि ताप नेमका जानेवारी ते मे, म्हणजे काजूच्या हंगामात. बी वेचणाऱ्या बाईला "रानात जाऊ नका" सांगणं हा शहाणपणा कागदावरच शोभतो. एकीने बाटली हुंगून परत केली. "बाय, ह्या तेलाचो वास बियेक लागता. व्यापारी घेवचो नाय मगे."

माझ्या एकाही पुस्तकात व्यापारी नव्हता. त्या संध्याकाळी मी बी खरेदीच्या दुकानात गेले, हाताला तेल चोळून त्याच हाताने मूठभर बी मालकापुढे धरली. त्याने वास घेतला, बी पोत्यात टाकली. आता तेलाच्या बाटल्या आम्ही त्याच्याच वजनकाट्याशेजारी ठेवतो. दवाखान्यातून कोणी नेत नव्हतं.